कोरडी विहीर कोणी सोसावी?

नागापूरचा पूल ओलांडून मनमाडच्या रस्त्याला लागले, की पेट्रोल-डिझेलचा एखादा तरी टँकर समोरून येताना दिसल्यावाचून राहत नाही. औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारी माणसे त्याला वाट देतात आणि पुढे निघून जातात. मान वळवून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु २०२४ सालच्या पहिल्या दोन दिवसांत वाहनचालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यातून टँकर बाहेर पडेनासे झाले, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पंपांपुढे रांगा लागल्या. मोटारसायकल ढकलत आणणारे तरुण, हातात रिकामा डबा घेतलेले शेतकरी, रिक्षावाले, सारेच एका ओळीत. संप दोन दिवसांत मिटला व रांगा ओसरल्या. पण ज्याच्याकडे आपण एरवी पाहतही नाही, त्याच्यावाचून आपला दिवस उजाडत नाही, एवढे या दोन दिवसांनी शिकवले.

त्या रांगेत उभे असलेल्यांपैकी अनेकांच्या तोंडी एक वाक्य होते: 'सरकारच्या एवढ्या तेल कंपन्या आहेत, त्या करतात काय?' प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो वाजवी आहे, आणि आजच्या लेखात त्याचेच उत्तर शोधण्याचा आमचा विचार आहे. मात्र उत्तर देण्याआधी प्रश्नच थोडा सोडवून घ्यावा लागेल. पंपावर ज्या पाट्या आपण वाचतो, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, त्या मुख्यतः तेल शुद्ध करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या आहेत. जमिनीच्या पोटातले तेल शोधून वर काढणारी कंपनी निराळी. तिचे नाव ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन, म्हणजे आपण संक्षेपाने ओएनजीसी म्हणतो ती. तिची पाटी आपल्या गावच्या पंपावर नसते, म्हणून ती आपल्या ओळखीची नाही. पण या सगळ्या व्यवहाराची पहिली कुदळ मारणारी तीच आहे, आणि देशाच्या मालकीच्या उद्योगाचा खरा अर्थ कळून घ्यायचा असेल तर तिच्याकडेच पाहिले पाहिजे.

हा अर्थ समजावून देण्यासाठी नगर जिल्ह्यातल्या माणसापुढे फार पांडित्य करण्याची गरज नाही. आपल्या दुष्काळी मुलखात बोअर घेणे म्हणजे काय, हे प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक आहे. पाणाड्या येतो, नारळ किंवा काडी घेऊन शेतभर फिरतो आणि एका जागी बोट दाखवतो. कर्ज काढून यंत्र आणले जाते. शंभर फूट, दोनशे फूट, तीनशे फूट. नुसता फुफाटा उडत राहतो. बोअर कोरडी गेली तरी यंत्रवाल्याचे पैसे चुकत नाहीत. मग दुसरी बोअर, मग तिसरी. ज्याच्या जवळ चार एकर आहेत तो पहिल्या कोरड्या बोअरनेच मोडतो. ज्याच्या जवळ चाळीस एकर आहेत तो तीन कोरड्या सोसतो आणि चौथीला पाणी लागले की तरतो. शहाणपण दोघांचे सारखेच असेल. फरक असतो तो कोरडी विहीर सोसण्याच्या ताकदीचा.

तेलाचा शोध हा असाच, फक्त हजारपटीने महाग असलेला, बोअरचा खेळ आहे. भूगर्भशास्त्रज्ञ हा पाणाड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा खरा, तथापि जेथे कोणी पूर्वी खणलेले नाही तेथे त्याच्याही बऱ्याच विहिरी कोरड्या जातात. तेव्हा या उद्योगात पहिला प्रश्न 'तेल कोठे आहे' हा नसून 'कोरडी विहीर कोणी सोसावी' हा आहे. ओएनजीसीचा जन्म या प्रश्नातून झाला.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात तेल निघत होते ते मुख्यतः आसामात. दिगबोईची विहीर १८८९ सालची. ती इंग्रजी भांडवलाची होती. तेल विकण्याचा व्यापारही बर्मा-शेल, स्टँडर्ड व्हॅक्युम, कॅलटेक्स अशा परदेशी कंपन्यांच्या हाती होता. आपल्या आजोबांच्या पिढीने रॉकेलचा जो डबा घरी आणला, त्यावर यांपैकीच एखादे नाव असे. पुढे १९५४ व १९५५ साली मुंबईजवळ तुर्भ्याला या कंपन्यांनी दोन मोठे शुद्धीकरण कारखाने उभे केले, पण त्यांत शुद्ध होणारे तेल बाहेरून येत असे. पश्चिम बंगालमध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमने भारत सरकारच्या भागीदारीत काही विहिरी खणून पाहिल्या. तेल लागले नाही आणि १९६० च्या सुमारास ते काम बंद झाले. भारतात आसामाबाहेर तेल मिळण्याची आशा थोडी, अशी समजूत त्या काळी पुष्कळांची होती.

या कंपन्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्या कंपनीला इराणात किंवा अरबस्तानात जमिनीत नळी घातली की तेल मिळते, तिने खंबायतच्या आखातात कोरड्या विहिरी का खणाव्यात? भागधारकाच्या हिशेबाने तिचे वागणे बरोबरच होते. फक्त तो हिशेब आपला नव्हता. कंपनीला तेल कोठूनही चालते. देशाला ते आपल्या भूमीत आहे की नाही, हे एकदा कळून घ्यावेच लागते. 'नाही' असे उत्तर आले तरी ते आपण स्वतः शोधलेले असावे लागते. ही गोष्ट ज्यांना पटली त्यांत केंद्रातले एक मंत्री केशवदेव मालवीय हे प्रमुख होते. १९५५ साली तेल व नैसर्गिक वायू संचालनालय निघाले, १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचा आयोग झाला, आणि १९५९ साली संसदेच्या कायद्याने त्या आयोगाला स्वतंत्र अधिकार मिळाले. डेहराडून हे त्याचे ठाणे. १९५६ च्याच औद्योगिक धोरणाच्या ठरावाने खनिज तेल हा उद्योग सरकारने स्वतःकडे राखून ठेवला होता.

पैसा थोडा, यंत्रे नाहीत, शिकलेली माणसे मूठभर, अशी ती सुरुवात होती. सोव्हिएत रशियाने तज्ज्ञ दिले. कालिनिन नावाच्या तज्ज्ञाच्या पथकाने देशभर हिंडून कोठे शोधावे याचा आराखडा करून दिला. यंत्रे रशियातून व रुमानियातून आली. हिमालयाच्या पायथ्याशी ज्वालामुखी येथे पहिला प्रयत्न झाला. तेथे वायूची चाहूल लागली, पण उपयोगी साठा हाती आला नाही. मग १९५८ साली गुजरातेत खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० साली अंकलेश्वरला मोठे क्षेत्र सापडले. तेथील विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिले. हे तेल आसामाच्या बाहेरचे होते, आणि ते शोधणारी माणसे आपली होती. पुष्कळांनी बांधलेली अटकळ चार वर्षांत खोटी ठरली.

असे करणारे आपण पहिले नव्हे. अर्जेंटिनाने १९२२ साली देशाची तेल कंपनी काढली. मेक्सिकोने १९३८ साली परदेशी कंपन्यांची मालकी संपवली. इराणने १९५१ साली तेच केले, आणि दोन वर्षांत तेथले सरकार उलथवले गेले. आपली वाट निराळी होती. दुसऱ्याने शोधलेल्या विहिरी आपण ताब्यात घेतल्या नाहीत, तर जेथे कोणी शोधत नव्हते तेथे शोधायला निघालो. परदेशी कंपन्यांचे शुद्धीकरण व विक्रीचे धंदे पुढे १९७४ ते १९७८ या काळात सरकारने घेतले, त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम झाल्या. परंतु शोधाची कंपनी मुळापासून आपणच उभी केली.

आता येथे कोणी विचारील, गुजरातेत तेल निघते, तर मग आपल्या नागापूरच्या माळाखाली ते का नसावे? प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. आपल्याकडे विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, आणि मग सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून वाहिलेला आणि थरावर थर थिजलेला लाव्हा होय. त्याला दख्खनचा ट्रॅप असे नाव आहे. तेल तयार होते ते समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळात. सूक्ष्म जीवांचे अवशेष त्या गाळात गाडले जातात, वरचा भार व आतली उष्णता यांनी कोट्यवधी वर्षे शिजतात, आणि त्यांचे तेल व वायू होतात. आगीतून जन्मलेल्या खडकात हे शिजणे व्हायचे कसे? त्या खडकाच्या खाली जुना गाळ असेल तर गोष्ट वेगळी. पण किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर छिद्र घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटरचा ट्रॅप ओलांडून आधाराचा प्राचीन खडक लागला, आणि कोयनेजवळच्या एका छिद्रात सुमारे ९३३ मीटर काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइट. काही ठिकाणी ट्रॅपखाली गाळाचे थर आहेत, परंतु या कठीण पाषाणातून त्यांचा ठाव घेणे फार अवघड जाते.

निसर्गाची गंमत अशी, की हाच काळा पाषाण सह्याद्रीच्या पलीकडे समुद्राखाली खचत गेला आहे. तेथे त्याच्या पाठीवर कोट्यवधी वर्षे गाळ साठला, प्रवाळ व शंखशिंपल्यांचा चुना साठला आणि त्यांचे जाड थर झाले. महाराष्ट्राच्या भूमीने जे दिले नाही, ते तिच्या समुद्राने दिले.

तेथवर पोचण्याची हकिगत अशी आहे. १९६३ नंतर 'अकादमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने आपल्या पश्चिम समुद्राची पाहणी केली. पाहणीची युक्ती साधी आहे. पाण्यात आवाजाचा धक्का द्यायचा. तो तळाखालच्या थरांवर आपटून परततो. प्रत्येक थरावरून तो किती वेळाने परतला, हे मोजून खालच्या थरांचा आकार काढायचा. मडके घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तसेच हे. या नादावरून मुंबईच्या वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा असल्याचे कळले. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते खडकातून वर वर सरकत अशा उंचवट्याच्या माथ्याशी येऊन थांबते; मात्र वर त्याला अडवणारे चिकणमातीच्या खडकाचे झाकण हवे. त्या उंचवट्यावरूनच या क्षेत्राला 'बॉम्बे हाय', आता 'मुंबई हाय', हे नाव पडले.

लोकांच्या मनात असते तसा तेलाचा तलाव मात्र तेथे नाही. भिजवलेल्या विटेत पाणी असते तसे ते चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. मुख्य थर समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर आहे, आणि त्यावर सुमारे ७५ मीटर खोल पाणी. अशा जागी उभे राहायचे तरी कसे? त्यासाठी जपानमध्ये 'सागर सम्राट' नावाची यंत्रनौका बांधून घेतली. तिला चार लांब पोलादी पाय आहेत. इष्ट जागी पोचली की ती पाय खाली सोडते, ते तळाला टेकतात, आणि सबंध नौका पाण्याच्या वर उचलली जाते. १९७० साली आपण आखातातल्या अलियाबेटावर किनाऱ्यालगत खणण्याचा सराव केला होता. खुल्या समुद्रातली परीक्षा ही पहिलीच. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राटच्या पहिल्याच विहिरीला तेल लागले. रुपयाची नवी नोट हाती आली तर ती उलटून पाहा, सागर सम्राटचे चित्र तिच्यावर आहे.

त्या वेळेचे महत्त्व आज लक्षात येणार नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव जवळजवळ बारा डॉलरवर गेला. परदेशी चलनाची तिजोरी आधीच रिकामी होती. अशा वेळी घरच्या समुद्रात तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेपैकी सुमारे दोनतृतीयांश तेल देशातच निघू लागले. १९५६ साली ज्यांनी कोरड्या विहिरी सोसण्याचे ठरवले, त्यांच्या सोसण्याचे हे व्याज होते.

समुद्रातले हे धन नागापूरला कसे पोचते, तेही पाहू. विहिरींतून येणारे मिश्रण, तेल, वायू आणि पाणी, समुद्रातल्या मंचांवर वेगळे केले जाते व नळांतून उरणला आणले जाते. तेथून तेल तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. वायूमधून उरणला स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात आणि तो सिलिंडरांत भरला जातो. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घालतात. उरलेल्या वायूपैकी काही अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात जातो. तेथे वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा संयोग करून अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. राहुरी-नेवाशाच्या उसाला टाकलेल्या युरियाच्या गोणीत समुद्राखालचा वायू असतो, असे म्हटले तर ते काव्य नव्हे, रसायनशास्त्र आहे.

या व्यवहारात माणसे आहेत, हे विसरता कामा नये. जुहूहून हेलिकॉप्टरने मंचावर जायचे, चौदा दिवस समुद्रात राहायचे आणि चौदा दिवस घरी, असा तेथील पुष्कळांचा क्रम असतो. पायाखाली लोखंडी जाळी, तिच्याखाली समुद्र, आणि बाजूच्या नळांतून दाबाखाली वाहणारा ज्वालाग्राही वायू. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुराची आठवण सर्वांना आहे. दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झाले, याची आठवण थोड्यांना असेल. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटाला जखम झाली होती. त्याला मंचावर उतरवून घेण्यासाठी जहाज जवळ आले, लाटांनी ते मंचाच्या वायूच्या नळावर आदळले, वायू फुटला आणि पेटला. बीएचएन नावाचा तो मंच सुमारे दोन तासांत भस्म झाला. २२ माणसे गेली. ३६२ वाचली. एका जखमी बोटापायी एवढा अनर्थ झाला, असे म्हणून हळहळणे पुरेसे नाही. ज्या नळाला धक्का लागला तर सारे जळू शकते, तो नळ जहाज लागण्याच्या बाजूला उघडा असावा का, आणि खवळलेल्या समुद्रात जहाज किती जवळ आणू द्यावे, हे प्रश्न त्या आगीने विचारले.

३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात आग लागून चौघे गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही कंत्राटी कामगारांची बार्ज बुडाली. तिच्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने व तटरक्षक दलाने वाचवले, ७५ गेले. वादळाची सूचना आधी मिळालेली होती. हे कामगार ओएनजीसीच्या कामावर होते, पण नोकर कंत्राटदाराचे होते. काम देशाचे असेल, तर त्यावर मरणारा माणूस मात्र कंत्राटदाराचा, असे म्हणून मालकाला सुटता येते काय? देशाची कंपनी याचा अर्थ तिचा मालक आपण आहोत असा असेल, तर हा प्रश्न आपल्यालाच आहे.

मालकीचा विषय निघाला म्हणून पैशाचेही पाहू. मुंबई हायच्या तेलावर महाराष्ट्राला स्वामित्वधन मिळत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. ते तसे नाही. जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन त्या त्या राज्याला मिळते, म्हणून गुजरात व आसाम यांना ते मिळते. समुद्रतळाखालची खनिजे मात्र घटनेच्या २९७ व्या कलमान्वये संघराज्याची आहेत, म्हणून त्यांचे स्वामित्वधन केंद्राकडे जाते. आम्हांस यात अन्याय दिसत नाही. समुद्र साऱ्या देशाचा आहे. परंतु मग त्या पैशाचा हिशेब साऱ्या देशाने विचारला पाहिजे.

विचारण्यासारखे पुष्कळ आहे. २००३-०४ पासून जवळजवळ दहा-बारा वर्षे स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल व डिझेल स्वस्त ठेवण्याचा भार सरकारने अंशतः ओएनजीसीवर टाकला. तिने आपले तेल विक्री कंपन्यांना सवलतीने द्यायचे, असा तो प्रकार. त्या सवलतीचा लाभ आपण सर्वांनी घेतला, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपला थोडा आहे. तथापि तो पैसा नव्या विहिरींचा होता, हेही खरे. २०१८ च्या जानेवारीत सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधला आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटी रुपयांना विकला. त्यासाठी तिला कर्ज काढावे लागले. शोध, शुद्धीकरण आणि विक्री एका छताखाली असली की भावाचे चढउतार सोसता येतात, असे याचे समर्थन करतात आणि त्यात तथ्य आहे. पण एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालताना ज्या खिशातून गेले तो विहिरी खणणाऱ्याचा होता, हेही लपत नाही. १९९४ साली आयोगाची कंपनी झाली, तिचे भाग बाजारात आले, आणि आज सरकारचा हिस्सा सुमारे ५९ टक्के आहे. म्हणजे धनी अजून आपणच आहोत. एकटे मात्र नाही.

इकडे विहीर म्हातारी होत चालली आहे. ऐन भराच्या काळात मुंबई हायमधून दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार पिंपे तेल निघे. २०२४ साली ते सुमारे १ लाख ३४ हजारांवर आले. यात आश्चर्य नाही. जुन्या विहिरीचे पाणी आटते तसेच हे आहे. खडकात पाणी दाबून तेल पुढे ढकलणे, एका विहिरीला जमिनीखाली आडव्या फांद्या काढणे, असे उपाय अनेक वर्षे चालू आहेत. जानेवारी २०२५ मध्ये या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवा देण्याचे काम ब्रिटिश कंपनी बीपीला देण्यात आले. तेल व वायू मिळून उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा तिचा अंदाज आहे. मालकी आपलीच राहणार आहे आणि दुसऱ्याची विद्या मोल देऊन घेणे यात कमीपणा नाही. १९५६ साली आपण तेच केले होते. फरक एवढाच, की त्या वेळी आपण विद्यार्थी म्हणून गेलो होतो. पन्नास वर्षे जे क्षेत्र आपण स्वतः चालवले, तेथे पुन्हा शिकवणी का लावावी लागली, हे मात्र मालकाने विचारावे. दुसरीकडे ७ जानेवारी २०२४ रोजी कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातल्या नव्या क्षेत्रातून पहिले तेल निघाले, ही आशेची बाजू.

एवढे असूनही आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के बाहेरून येते. देशात जे निघते त्यातले सुमारे ७० टक्के ओएनजीसीचे. दोनतृतीयांश घरचे, इथपासून अष्टमांश घरचे, इथवर आपण आलो. दोष सारा विहिरींचा नाही. आपली तहान कित्येक पटींनी वाढली. नागापूरच्या चौकात संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले तरी ती तहान डोळ्यांना दिसते.

मग रांगेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? देशाच्या तेल कंपन्या करतात काय? त्यांतल्या एकीने, जेथे दुसरा कोणी कोरडी विहीर सोसायला तयार नव्हता, तेथे ती सोसली. आणि जे काम तिने केले नसते तर दुसऱ्या कोणी त्या वेळी केलेच नसते, तेच तिच्या देशाच्या मालकीचे समर्थन आहे. पंपावर भाव दोन रुपयांनी कमी मिळावा, हे ते समर्थन नव्हे. उद्या ही कंपनी फक्त भरवशाच्या जागी खणू लागली, किंवा तिच्या खणण्याचा पैसा आपण चालू खर्चाला वापरू लागलो, तर ती नावाची देशाची राहील, कामाची राहणार नाही.

आपल्याकडचा जाणता शेतकरी विहिरीचा पैसा घरखर्चाच्या पैशात मिसळत नाही. पीक चांगले आले की त्यातला काही भाग पुढच्या विहिरीसाठी बाजूला काढतो, विहिरीवरच्या गड्याची काळजी घेतो, आणि पाणी जपून वापरतो. नॉर्वेसारख्या छोट्या देशाने १९७२ साली आपली सरकारी तेल कंपनी काढली, आणि तेलाच्या उत्पन्नातून पुढच्या पिढ्यांसाठी निधी उभा केला. त्यांचे तेल अधिक आणि माणसे थोडी, तेव्हा त्यांची बरोबरी आपल्याला करता येणार नाही. परंतु त्यांची शिस्त घेता येईल.

म्हणून यापुढे मनमाडच्या रस्त्यावर टँकर दिसला, तर भाव किती वाढला हा प्रश्न जरूर विचारावा, पण तेवढ्यावर थांबू नये. या वर्षी नव्या विहिरी किती खणल्या? त्यांतल्या कोरड्या किती, आणि त्यांतून आपण काय शिकलो? समुद्रावरची माणसे वादळापूर्वी किनाऱ्याला आली का? कंपनीचा वार्षिक अहवाल छापला जातो आणि कोणालाही पाहता येतो. तो उघडून हे प्रश्न विचारणारे चार लोक प्रत्येक गावात निघाले, तर 'देशाची कंपनी' या शब्दांना काही अर्थ राहील. धनी जेव्हा विहिरीवर जायचे सोडतो, तेव्हा ती आटली केव्हा हेही त्याला कळत नाही.